आधी जखम, मग तलवार

ऑनलाइन द्वंद्वाचे खेळ खेळणाऱ्या कुणालाही छेडा, तक्रार साधारण एकच निघते: ‘त्याची तलवार मला लागलीच नव्हती, तरी मी मेलो.’ पाठोपाठ दुसरं वाक्य येतं: ‘तो चीटिंग करतो.’ यातलं पहिलं वाक्य पुष्कळदा खरं असतं. दुसऱ्याबद्दल मात्र जरा थांबून विचार करायला हवा. समोरच्याने बाहेरचं सॉफ्टवेअर लावलेलं नसतं, गेमच्या फाइलींना हात लावलेला नसतो. त्याने फक्त तीन-चार बटणं अशा क्रमाने, अशा क्षणी दाबलेली असतात की पडद्यावरची आकृती दाखवते एक आणि गेम मोजतो दुसरंच. चित्र आणि मोजणी यांच्यातल्या या फटीला ग्लिच म्हणतात, आणि ती फट हेरून सामना मारून नेण्याला एक्स्प्लॉइट. अशा खेळाडूला लबाड म्हणायचं की कसबी, यावर वाद पेटला की बहुतेक जण एकच कसोटी लावतात: गेम बनवणाऱ्यांच्या मनात हे होतं का? माझ्या मते ही कसोटीच चुकीची आहे. ती का चुकीची आणि तिच्या जागी कुठली हवी, हे या प्रकरणात पाहू. त्याआधी फट पडते कुठे, हे समजून घेतलं पाहिजे.

१. बाहुली आणि दोरी

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलाकार कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करतात. एका बाहुलीची तलवार दुसरीच्या मानेवर पडते आणि दुसरी कोसळते. पाहणाऱ्याला वाटतं, कारण दिसलं आणि परिणामही दिसला. खरं तर दुसरी बाहुली तलवारीने कोसळलेली नसते, दोरी हाती असलेल्या माणसाने ती सैल सोडलेली असते. तलवार दोन बोटं अलीकडे राहिली असती तरी बाहुली कोसळलीच असती. गेममधला योद्धाही अशीच बाहुली आहे. आतल्या हाडांच्या सांगाड्यावर चढवलेलं ते एक चित्र. सांगाडा कुठल्या क्षणी कसा वाकवायचा, याची आधीच रचून ठेवलेली मालिका म्हणजे ॲनिमेशन. वार लागला की नाही हे ठरवताना मात्र गेम या चित्राकडे ढुंकूनही बघत नाही. योद्ध्याभोवती काही साधे, अदृश्य आकार कल्पिलेले असतात: डोक्याला चेंडू, छातीला पिंप, तलवारीला नळकांडं. यांना ढोबळमानाने हिटबॉक्स म्हणतात. नळकांडं पिंपाला शिवलं की वार लागला. अंगरख्याचं टोक कापलं गेल्याचं डोळ्यांनी पाहिलं तरी पिंप सुरक्षित असेल तर काहीच झालेलं नाही.

आकार इतके ओबडधोबड ठेवण्याला कारण आहे. असे खेळ बहुधा सेकंदाला साठ चित्रं दाखवतात. या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात, आणि एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम सतरा मिलिसेकंद येतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्यात प्रत्येक केस आणि प्रत्येक चुणी तपासत बसणं परवडत नाही. म्हणजे चित्र आणि मोजणी शंभर टक्के जुळतच नसतात. जुळल्यासारखी वाटतील एवढीच काळजी घेतलेली असते.

एकट्याने संगणकाविरुद्ध खेळताना यातून फारसं काही बिघडत नाही. संगणकाच्या योद्ध्याला तुमचं चित्र बघायची गरजच नसते, त्याच्यासमोर आकडे थेट मांडलेले असतात. समोर माणूस आला की गोष्ट बदलते. माणसाकडे चित्राशिवाय दुसरं काहीच नसतं. तुमच्या योद्ध्याने खांदा मागे घेतला यावरूनच त्याला कळायचं असतं की वार उजवीकडून येतोय. म्हणून माणूस विरुद्ध माणूस या खेळात ॲनिमेशनकडे सजावट म्हणून बघून चालत नाही. प्रतिस्पर्ध्याला मिळणारी बातमी तीच, आणि तेवढीच.

२. वाराचे तीन भाग

कुऱ्हाडीने ओंडका फोडणारा माणूस आधी कुऱ्हाड उचलतो, मग घाव घालतो, मग रुतलेलं पातं ओढून काढतो. गेममधल्या प्रत्येक वाराचे हेच तीन भाग असतात. खेळाडूंच्या बोलण्यात ते स्टार्टअप, ॲक्टिव्ह आणि रिकव्हरी या नावांनी येतात. आपण तयारी, घाव आणि सावरणं म्हणू. समजा एका वाराला तयारीच्या ३०, घावाच्या ४ आणि सावरण्याच्या २६ फ्रेम लागतात. एकूण ६०, म्हणजे पुरा एक सेकंद. यातल्या मधल्या चार फ्रेमपुरतंच ते नळकांडं जागं असतं. आधीच्या तीस फ्रेममध्ये तलवार कितीही भीतीदायक दिसली तरी ती चित्रातली तलवार आहे.

आता समोरच्याच्या बाजूने हिशेब करू. तयारीच्या ३० फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद, ५०० मिलिसेकंद. वार सुरू झाल्याची बातमी इंटरनेटवरून त्याच्यापर्यंत यायला ४० धरू. टीव्ही आणि कंट्रोलर मिळून ५० खातात असं समजू. डोळ्यांनी पाहिल्यावर बोट हलायला चांगल्या सवयीच्या माणसालाही २०० ते २५० लागतात, २५० धरू. त्याचं ‘अडवलं’ हे उत्तर परत पोचायला आणखी ४०. बेरीज झाली ३८०. हाती उरले १२०, म्हणजे सात फ्रेम. त्यातच वार डावा, उजवा की वरचा, हे ओळखायचं. आणि तिनातून एक निवडायचं असेल तर बोट आणखी रेंगाळतं. थोडक्यात, अर्ध्या सेकंदाची तयारी ऐकायला ऐसपैस वाटली तरी प्रत्यक्षात ती हातातोंडाशी गाठ आहे. कुठल्याही युक्तीने त्यातल्या दहा फ्रेम दिसेनाशा केल्या, तर जगातला कुठलाच माणूस तो वार पाहून अडवू शकणार नाही. अंदाजाने अडवला तर अडवला.

पुढचं सगळं म्हणणं या विभागणीवर उभं आहे. तयारी म्हणजे प्रतिस्पर्ध्याला दिलेली वर्दी. सावरणं म्हणजे वार करणाऱ्याने भरलेली किंमत. वार हुकला तर त्या २६ फ्रेम तो उघडा पडतो. ॲनिमेशनच्या ग्लिच शेकडो असल्या तरी त्यांच्या मुख्य जाती दोनच. काही किंमत बुडवतात, काही वर्दी बुडवतात.

३. पासबुक आणि खातेवही

तिसरी एक जात आहे, पण तिच्यात खेळाडूचा हात कमी आणि अंतराचा जास्त. बँकेत पैसे किती आहेत हे ठरतं खातेवहीत. आपल्या हातात असतं पासबुक, आणि ते शेवटच्या नोंदीपर्यंतच खरं असतं. ऑनलाइन खेळात प्रत्येकाच्या पडद्यावर पासबुक असतं. खातेवही कुणाकडे ठेवायची, हा खरा प्रश्न. एक पद्धत अशी की ती तिऱ्हाइताकडे, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर ठेवायची. दुसरी अशी की खेळाडूंची यंत्रं परस्परांशी थेट बोलतील आणि काही निवाडे एकाच्या, काही दुसऱ्याच्या यंत्रावर होतील.

२०११ सालच्या ‘डार्क सोल्स’ने दुसरा मार्ग धरला होता, आणि त्यातल्या पाठीतल्या वाराची कुख्याती त्यातूनच आली. प्रतिस्पर्ध्याच्या मागे जाऊन नेमक्या जागी वार केला की एक ठरलेलं ॲनिमेशन सुरू होतं आणि ते संपेपर्यंत बळी पडलेल्याला हलताही येत नाही. पण ‘मागे’ आहे की नाही हे ठरायचं हल्लेखोराच्या यंत्रावर. त्याच्या पासबुकात तुम्ही अजून पाव सेकंदापूर्वीच्या जागी, त्याच्याकडे पाठ करून उभे असता. तुमच्या पासबुकात तुम्ही कधीच वळलेले असता आणि तो तुमच्या नजरेसमोर असतो. मग तुमचा योद्धा अचानक गर्रकन फिरतो, आणि समोरून आलेला माणूस त्याच्या पाठीत तलवार खुपसतो. जखम आधी झालेली असते. तलवार तिचं समर्थन करायला मागाहून येते.

समोरासमोरच्या लढतीच्या खेळांत यावर रोलबॅक नावाचा तोडगा रुळला आहे. टोनी कॅननने २००६ साली आणलेल्या जीजीपीओ या प्रणालीमुळे तो प्रसिद्धीला आला. यात यंत्र समोरच्याच्या बटणाची वाट बघत थांबत नाही. तो मघाचंच करत असेल असं धरून चित्र पुढे नेतं, आणि अंदाज चुकला की मागे जाऊन दुरुस्ती करून पुन्हा वर्तमानात येतं. खेळ सफाईदार वाटतो. पण दुरुस्तीच्या क्षणी समोरच्याचा ठोसा पहिल्या फ्रेमपासून दिसत नाही, तिसऱ्या-चौथ्यापासून दिसतो. म्हणजे अत्यंत प्रामाणिक सामन्यातही वर्दीचा थोडा भाग वाटेत गळतोच. मुळात तुटपुंज्या असलेल्या या शिध्यातून कुणी मुद्दाम उचललं, की ते लगेच जाणवतं ते यामुळे.

४. नऊशे वाटा

एवढ्या मोठ्या कंपन्या, एवढे पगारी तपासनीस, तरी त्यांना फटी दिसत नाहीत का? गेमच्या पोटात योद्ध्यासाठी एक तक्ता असतो: सध्या तो काय करतोय, आणि त्यातून कशाकडे जायची मुभा आहे. धावण्यातून उडीकडे जाता येतं, पडलेल्या अवस्थेतून वाराकडे जाता येत नाही, असं. समजा योद्ध्याला तीस क्रिया येतात. एकीतून दुसरीत जायच्या वाटा झाल्या तीस गुणिले तीस, नऊशे. एवढ्या तपासता येतील. पण तीन क्रियांच्या साखळ्या होतात सत्तावीस हजार, चारांच्या आठ लाख दहा हजार. शिवाय प्रत्येक वाट नेमक्या कितव्या फ्रेमला धरली हा प्रश्न वेगळाच. गेम बाजारात आला की लाखो माणसं रोज रात्री या वाटा तुडवतात. तपासनीसांनी वर्षभरात पाहिलं नसेल ते एखाद्या आठवड्यात सापडतं.

आणि यातली प्रत्येक वाट एकेकटी पाहिली तर शहाणपणाची असते. कोरियातल्या माएट या कंपनीचा ‘गन्झ: द ड्युएल’ हा तलवार आणि बंदुकीचा खेळ घ्या. तलवारीचा वार चालू असताना ढाल धरायची मुभा त्यात आहे. बटण दाबल्यावर योद्ध्याने ऐकावं, ही साधी अपेक्षा त्यामागे असावी. उडी मारता येते, उडीत बाजूला झेपावता येतं, झेप घेताना वार करता येतो. सगळं रास्त. खेळाडूंनी ते जोडलं: उडी, झेप, वार, ढाल, आणि पुन्हा पहिल्यापासून. ढाल धरल्यामुळे वाराचं सावरणं मध्येच कापलं जातं, आणि झेप व ढाल आलटून पालटून येत राहिल्याने योद्धा हवेत फडफडत असल्यासारखा दिसतो. या साखळीचं नाव पडलं बटरफ्लाय, फुलपाखरू. अशा सगळ्या साखळ्यांना मिळून के-स्टाइल म्हणू लागले. के म्हणजे कोरियन. काही काळाने के-स्टाइल म्हणजेच गन्झ झाला. भिंतींवर आपटत, आडवेतिडवे उडत, दर अर्ध्या सेकंदाला चार बटणं दाबत खेळणारी माणसं हा रचनाकारांच्या कल्पनेतला खेळच नव्हता.

५. मोटार फोडताना सापडलेलं

इथे हेतूची कसोटी पहिल्यांदा अडखळते. ती पूर्ण कोसळलेली पाहायची असेल तर १९९१ सालच्या ‘स्ट्रीट फायटर २’कडे जावं लागेल. कॅपकॉमच्या या खेळात लढतींच्या मध्ये एक उभी मोटार ठोसे मारून फोडायची गंमत होती. ती तपासताना निर्माते नोरिताका फुनामिझू यांना दिसलं की वेळ नेमकी साधली तर एका ठोशाचं सावरणं संपण्याआधीच दुसरा बसतो. चुकून झालेली गोष्ट होती. प्रत्यक्ष सामन्यात हे कुणाला साधणार नाही, असं वाटून त्यांनी ती तशीच राहू दिली. पुढे खेळाडूंनी ती साधली, तिला कॉम्बो म्हणू लागले, आणि १९९३ च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर २’मध्ये कॉम्बोत किती ठोसे बसले हे पडद्यावर मोजून दाखवायला सुरुवात झाली. आज लढतीचा कुठलाही खेळ कॉम्बोविना कल्पनेतही येत नाही. या प्रकारातलं सर्वांत महत्त्वाचं कौशल्य एका ग्लिचच्या पोटी जन्मलं आहे.

त्याच खेळाच्या मूळ आवृत्तीत आणखी एक ग्लिच होती, तिची आठवण कमी निघते. गाइल नावाच्या योद्ध्याची बटणं विशिष्ट रीतीने दाबली की प्रतिस्पर्धी त्याला अदृश्य हातकडीने जखडल्यासारखा चिकटायचा. हलता येत नसे, उलट वार करता येत नसे. हीही चुकूनच झालेली. पण तिला कुणी कौशल्य म्हणून डोक्यावर घेतलं नाही आणि पुढच्या आवृत्तीत ती नाहीशी झाली. दोन ग्लिच, एकच यंत्र, एकच कंपनी. दोन्हींमागे कुणाचाच हेतू नाही. तरी एकीची परंपरा झाली आणि दुसरी कचऱ्यात गेली. हेतू या फरकाचा उलगडा करू शकत नाही. किंमत आणि वर्दीची विभागणी करू शकते. कॉम्बोचा पहिला ठोसा आधी बसवावा लागतो. त्याची तयारी पुरेपूर दिसते आणि ती पाहून तो अडवता येतो. बुडते ती फक्त सावरण्याची किंमत, आणि तीही नेमकी वेळ साधणाऱ्याची. हातकडीत मात्र उत्तरच काढून घेतलेलं आहे.

‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’चं उदाहरण याच रांगेत बसतं. २००१ सालच्या या खेळात उडी घेताक्षणी तिरकं खाली हवाई चुकवणी घेतली की योद्धा उभ्याउभ्या जमिनीवर घसरतो, आणि घसरता घसरता वारही करू शकतो. याला वेव्हडॅश म्हणतात. खेळाचे सूत्रधार मासाहिरो साकुराई यांच्या चमूला हे बनवतानाच दिसलं होतं. त्यांनी काढलं नाही. २००८ च्या पुढच्या खेळात ते उरलं नाही, आणि स्पर्धा खेळणारे पुष्कळ जण जुन्याच खेळाला चिकटून राहिले. घसरणारा योद्धा विचित्र दिसतो, हे खरं. पण तो घसरताना दिसतो.

६. वर्दी बुडाली की

आता उलट बाजू. युबिसॉफ्टचा ‘फॉर ऑनर’ २०१७ च्या फेब्रुवारीत आला. त्याची सगळी रचनाच वर्दीवर उभी आहे: प्रतिस्पर्ध्यावर नजर रोखायची, तो वर, डावीकडून की उजवीकडून वार करतोय याची खूण पडद्यावर उमटते, त्याच दिशेला ढाल धरायची. नजर रोखलेली नसताना मात्र वार वेगळे, सरधोपट असतात आणि त्यांना दिशेची खूण नसते. खेळाडूंच्या लक्षात आलं की वार करता करता नेमक्या क्षणी नजर सोडली तर गेम दोन अवस्थांच्या मध्ये गोंधळतो. खूण आणि वार यांची सांगड तुटते, आणि समोरच्याला तो अडवणं जवळजवळ अशक्य होतं. याला अनलॉक टेक म्हणू लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने भरवलेल्या दहा हजार डॉलर बक्षिसाच्या स्पर्धेत विजेत्याने हीच युक्ती वापरली आणि सामने थेट प्रक्षेपणात सगळ्यांनी पाहिले. पुढे ही फट बुजवण्यात आली. विजेत्याने लबाडी केली असं मी म्हणणार नाही. दारं उघडी ठेवून स्पर्धा भरवणाऱ्यांचा तो विषय आहे. पण त्या अंतिम सामन्यात एका बाजूचा खेळाडू खेळाची भाषा बोलत होता आणि दुसऱ्याने ती भाषाच बंद पाडली होती, एवढं नक्की.

कुणी म्हणेल, फसवणं हा तर द्वंद्वाचा प्राण. हूल देणं ही फसवणूकच की! खरं आहे, आणि हुलीला वाव नसलेला खेळ फार लवकर कंटाळवाणा होईल. पण हूल ही त्या भाषेत बोललेली थाप आहे. समोरच्याला माहीत असतं की हा वार अर्ध्यावर सोडला जाऊ शकतो. तो थांबू शकतो, पैज लावू शकतो. शिवाय हूल देणाऱ्याचा दम खर्ची पडतो. क्रिकेट पाहणाऱ्याला हे समजायला जड जाऊ नये. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्नार्ड बोसांकेटने गुगली आणली. लेगब्रेकसारखा हात फिरायचा आणि चेंडू उलट आत वळायचा. फलंदाज गोंधळले, पण चेंडू दिसत होता, मनगट दिसत होतं, आणि ते वाचायला ते शिकले. याच्या शेजारी १ फेब्रुवारी १९८१ ची मेलबर्नची संध्याकाळ ठेवा. शेवटच्या चेंडूवर न्यूझीलंडला बरोबरीसाठी षटकार हवा होता, आणि ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपल याच्या सांगण्यावरून त्याच्या धाकट्या भावाने, ट्रेव्हरने, चेंडू जमिनीवरून सरपटत सोडला. त्या सामन्याच्या नियमांत ते बसत होतं. पण सरपटत्या चेंडूवर षटकार मारायचा कसा? गुगलीने फलंदाजाला प्रश्न घातला, सरपटत्या चेंडूने उत्तराची जागाच पुसून टाकली. त्यानंतर नियम बदलला गेला, आणि गुगली अजून शाबूत आहे.

गेम बनवणारेही आता याच भाषेत बोलू लागले आहेत. ‘एपेक्स लेजंड्स’मध्ये हवेत असताना पुढे जायचं बटण झपाट्याने पुन्हा पुन्हा दाबलं की खेळाडू अवचित काटकोनात वळतो, याला टॅप-स्ट्रेफिंग म्हणतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये रिस्पॉन या कंपनीने हे काढून टाकायचं जाहीर केलं. हे आमच्या मनात नव्हतं, एवढं म्हणून ते थांबले नाहीत. सगळ्यांना हे करणं शक्य नाही आणि समोरच्याला ते वाचून प्रतिकार करता येत नाही, अशी कारणं त्यांनी दिली.

७. ‘मग तूही शिक की’

सर्वांत वजनदार आक्षेप स्पर्धा खेळणाऱ्यांकडून येतो. ‘स्ट्रीट फायटर’चा खेळाडू आणि पुढे गेम-रचनाकार झालेला डेव्हिड सर्लिन याने ‘प्लेइंग टू विन’मध्ये तो ठामपणे मांडला आहे. त्याचं म्हणणं साधारण असं: हरणारा माणूस मनातल्या मनात सभ्यतेचे नियम तयार करतो आणि ते न पाळणाऱ्याला नावं ठेवतो, खेळ जे करू देतो ते सगळं खेळाचाच भाग आहे, आणि बंदी घालायची ती खेळ पुरता मोडतो तेव्हाच. खेळाडूंना सल्ला म्हणून मला हे पटतं. रात्री अकरा वाजता सामना हरल्यावर समोरच्याच्या संस्कारांची चौकशी करण्यात अर्थ नाही. पण त्यातून ‘सगळ्यांना उपलब्ध, म्हणून रास्त’ असा निष्कर्ष काढतात तो टिकत नाही. सरपटता चेंडूही दोन्ही संघांना उपलब्ध होता. दोघांच्याही हातात समान शस्त्र असलं म्हणजे समता आली. पण त्या शस्त्रानंतर खेळायला काय उरलं, हा प्रश्न तसाच राहतो. अनलॉक टेक दोघांनीही वापरली तर उरते ती आधी बटण कोण दाबतो याची शर्यत.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे, आणि त्यापुढे मला थोडं मागे सरावं लागतं. आज न वाचता येणारी गोष्ट उद्या वाचता येते. ‘शिव्हलरी: मेडीव्हल वॉरफेअर’ हा २०१२ चा खेळ. त्यात तलवारीच्या पात्यावरचे बिंदू प्रत्येक फ्रेमला कुठून कुठे सरकले यावरून वार लागल्याचं ठरायचं, आणि वार चालू असतानाही खेळाडूला मान व कंबर फिरवता यायची. मग वार चालू करून अंग उलट फिरवलं की पातं उशिरा पोचायचं. त्याच बाजूला झटक्याने फिरवलं की आधीच. काही जण तर शत्रूकडे पाठ करून, आभाळाकडे बघत, डोक्यावरून मागे जाणाऱ्या कुऱ्हाडीने त्याला मारायचे. रणांगणावर चिलखत घातलेले लोक नर्तकांसारखे गिरक्या घेताहेत, असं ते दृश्य होतं. नव्या माणसासाठी ही वर्दी बुडवणंच होतं: तयारी दिसते, पण घाव कधी पडेल ते कळत नाही. अनुभवी मात्र तलवारीकडे बघायचं सोडून समोरच्याच्या खांद्यांकडे आणि पायांकडे बघायला शिकले. पुढे हाच खेळ खेळलेल्या मंडळींनी २०१९ मध्ये ‘मॉर्डहाउ’ काढला, त्यात वार लांबवणं-आखडणं हे मान्य अंग म्हणून ठेवलं, आणि वार करताना किती वेगाने वळता येईल याला मर्यादा घातली. माझ्या मते ही मर्यादा म्हणजे या सगळ्या वादावर काढलेला सर्वांत समजूतदार तोडगा. गिरकी राहिली, पण डोळ्यांच्या आवाक्यात आली.

म्हणजे वर्दीची कसोटी लावताना ‘कुणासाठी’ हेही विचारायला हवं. गन्झमध्ये वर्दी कधी बुडाली नाही, तरी नव्या माणसाला तिथे तासभरही टिकता येत नसे. किंमत बुडवणाऱ्या ग्लिच निर्दोष असतात, असा माझा दावा नाही. त्या खेळाभोवती भिंत बांधतात. फरक इतकाच की भिंत चढता येते.

८. उसवायला गेलं तर

सदोष ते सरळ काढून का टाकत नाहीत? कारण अशी चूक कापडावरच्या डागासारखी वेगळी नसते, विणीतच असते. ‘क्वेक ३’मध्ये तिरपं उड्या मारत जाऊन ठरल्यापेक्षा जास्त वेग मिळवता यायचा. खेळाचा प्रोग्रॅमर जॉन कारमॅक याने ती चूक दुरुस्त करून पाहिली, तर साधं धावणंही बिघडल्यासारखं वाटू लागलं. तेव्हा ती राहू दिली. रिस्पॉनलाही तोच अनुभव आला: टॅप-स्ट्रेफिंग काढायला गेल्यावर अनपेक्षित परिणाम दिसले आणि जाहीर केलेली दुरुस्ती पुढे ढकलावी लागली. सावरणं मध्येच तोडता येतं म्हणून गन्झमध्ये फुलपाखरू उडतं. पण ती मुभा काढली तर ढालीचं बटण दाबूनही योद्धा ऐकत नाही, ही तक्रार प्रत्येक खेळाडूची होईल.

माएटने शेवटी ते करून पाहिलं. ‘गन्झ २’ नव्याने बांधला; चित्रं देखणी, चाल नेटकी, आणि के-स्टाइलला जागा नाही. वार केला की तो पुरा होतो, ढाल धरली की ढालच धरलेली दिसते. २०१४ मध्ये तो ‘स्टीम’ या ऑनलाइन गेम-दुकानात आला आणि काही वर्षांत बंद झाला. त्याआधीही आणि त्यानंतरही जुने खेळाडू स्वतः चालवलेल्या खासगी सर्व्हरवर पहिलाच गन्झ खेळत राहिले, उडी, झेप, वार, ढाल, पुन्हा उडी.